रिकाम्या घरांची राखण

किल्लीताईचा राग काही एका दिवसाचा नव्हता. पण त्याला तोंड फुटलं ते त्या मंगळवारी, आणि फुटलं ते बरंच झालं.

देशाचं दिवाळं निघालं त्या वर्षी चोवीस घरांच्या त्या इमारतीत एक बिऱ्हाड उरलं नाही. लोकांचे हप्ते थकले, बँकेने घरं ताब्यात घेतली आणि देखभालीचं नाव काढताच हात वर केले. राखणदार म्हणून राहिली ती ताई. पगार बंद झाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यापायी तिने चार वर्षं इमारत सांभाळली. दर सोमवारी चोवीस कुलपं काढायची, खिडक्या सताड उघडून ओल घालवायची, गंज चढू नये म्हणून एकेक नळ सोडायचा आणि ओट्यावर संसार मांडू पाहणाऱ्या कबुतरांना शिव्या देत हाकलायचं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण डोळ्यांदेखत घर कुजू देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

शिवाय सासरे होते. त्यांची नजर पार गेलेली. या दोन खोल्या त्यांच्या हाताला पाठ होत्या; भिंत चाचपत ते स्वतःचा चहासुद्धा करून घेत. उंबऱ्याबाहेर मात्र जीव घाबरा होई. त्यांना घेऊन दुसरीकडे जायचं म्हणजे त्यांना पुन्हा आंधळं करायचं, असं ताई म्हणे.

मग म्हणे देश सावरला. सावरला म्हणजे काय, तर भाड्याने द्यायला स्वस्तात घरं घेणारी परदेशी माणसं येऊ लागली. त्यांच्याबरोबर दलाल आला, जिभेवर साखर ठेवून.

"ताई, ओस इमारत बघून गिऱ्हाईक बिचकतं हो. गॅलऱ्यांत कपडे वाळत घाला, भाडेकरू आहेत असं वाटू दे. सौदा झाला की तुमच्या खोल्या कायमच्या तुमच्या. माझा शब्द!"

शब्दच तो, कागद नव्हे. एरवी भाजीच्या जुडीतली काडीन् काडी तपासणारी ताई इथे भुलली. सासऱ्यांचे सदरे, घरातल्या चादरी, बहिणीकडून मागून आणलेली तिच्या पोरांची झबली, सगळं तिने पाच मजले चढउतार करून वाळत घातलं.

सौदा झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात नोटीस आली. तळमजल्याच्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या कराव्यात.

"नवे मालक ठरवणार, माझ्या हातात काय आहे?" दलाल फोनवर म्हणाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने गोड बोलून गळा कापला होता! तिने ठरवलं, याचं बिंग फोडायचं. फसवणूक कळली की मालक सौदा मोडतील आणि खोल्या वाचतील.

मंगळवारी नवे मालक आले, नवरा-बायको. बायकोला इथली भाषा बऱ्यापैकी यायची. ताईने तिला जिन्यातच गाठलं, दलालाच्या देखत.

"बाई, तुम्हाला फसवलंय यानं! वर एक भाडेकरू नाही. चोवीसच्या चोवीस घरं रिकामी आहेत. ते कपडे माझे होते!"

दलाल पांढराफटक पडला. मालकीणबाई मात्र हसल्या.

"माहीत आहे आम्हाला. रिकामी होती म्हणून तर घेतली. रिकाम्या घराला हवं ते भाडं लावता येतं. अडचण होते ती राहत्या माणसांची." मग त्यांनी कौतुकाने जिन्याचा कठडा चाचपला. "पण कमाल आहे हं! चार वर्षं बंद असून कुठे ओल नाही, सगळे नळ चालू. आमचा केवढा खर्च वाचला! कुणी ठेवली एवढी नीट?"

"मी!" ताई इतक्या जोरात ओरडली की आत सासरे दचकून उठले. "मी ठेवली! माझी अक्कल शेण खायला गेली होती, म्हणून ठेवली!"