मोठी माणसं असलेलं बेट

वाचन मंडळात काल ओसाड बेटावर अडकून रानटी झालेल्या मुलांच्या कादंबरीवर चर्चा झाली. "तिथं कुणी मोठं माणूस नव्हतं ना!" असं म्हणत आमच्या वसतिगृहातला एक सीनियर डोळे पुसत होता.

आमच्याकडे सीनियरशी बोलताना नजर आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवावी लागते. माझ्या खोलीतल्या दिनूनं एकदा मान वर केली, म्हणून यानंच त्याला पट्ट्यानं झोडपलं. दिनू कॉलेज सोडून गेला. मार चालू होता तेव्हा खाली रेक्टर पेपर वाचत बसले होते. म्हणजे इथं मोठं माणूस होतं, आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

मी त्या ओल्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"ए, बटण!" तो कुजबुजला.

"तक्रार लिहितोय, दादा. पहिलं नाव तुमचं, दुसरं रेक्टर सरांचं."

त्यानं मान खाली घातली. माझं तेवढ्यानं भागणार नव्हतं.