राखेच्या विटा घेऊन आरमोरीला

बाबांनी आरमोरीत घर बांधायला काढलं आणि वीटभट्टीवाल्याशी सौदाही करून टाकला. रस्त्यालगतच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, माती त्यानं न्यायची आणि बदल्यात विटा द्यायच्या. फोनवर ऐकून माझं डोकंच फिरलं. वरची माती गेली की खाली मुरूम, तिथं धान काय कपाळ येणार! शिवाय भट्टीत जळणार ते लाकूड जंगलातलंच. इकडे ऊर्जानगरात वीज केंद्राच्या राखेचे ढीग पडलेले, आणि त्या राखेच्या विटा करणारा कारखाना आमच्या क्वार्टरपासून जवळच. ठरवलं, जेसीबी पोचायच्या आत ट्रकभर विटा घेऊन मीच जाते.

ट्रकच्या ड्रायव्हरभाऊंबरोबर उजाडल्यावरच निघालो. मूल गावापर्यंत जंगल आहे, तुम्हीही अंधारात घाई करू नका. मूलला गरम आलुबोंडे आणि चहा झाला, ड्रायव्हरभाऊंनी मला पैसे देऊ दिले नाहीत. विटा भट्टीच्या बाजारभावापेक्षा स्वस्त पडल्या, पण वाचलेलं सगळं ट्रकच्या भाड्यानं खाल्लं, हेही सांगून ठेवते. व्याहाड सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोलीत तर्री-पोहे हाणले आणि दुपारी आरमोरी गाठली.

बाबांनी दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. आमच्याकडे वीट अशीच पारखतात, खणखणली तर पक्की. या बद्द वाजल्या.

"हे तं मुकी हाय," बाबा म्हणाले. "अन् राखेचं घर? मसनात राहू का मी?"

"बाबा, भाजलेलीच वीट खणकते. हे दाबून, पाणी पाजून पक्की केली हाय. टाका बोडीत रातभर. विरघळली तं नेईन ट्रक परत."

सकाळी बाबांनी बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्याच्या, पाण्यातून वीट काढली. तिच्यावर उभे राहिले, कोपरे नखानं खरवडून पाहिले. काही झालं नव्हतं. तेवढ्यात जेसीबी घेऊन भट्टीवाला बांधावर हजर!

बाबा पुढं गेले. "वापस ने भाऊ. बांधी नाई देत मी."

"काऊन? जबान देली होती नं तुमी!"

"देली होती. चुकलो. सांग गावात सगळ्याईले."

दिलेला शब्द बाबांनी जन्मात पहिल्यांदा फिरवला होता. मला अभिमान वाटला आणि रडूही आलं.

मी एस.टी.नं ऊर्जानगरला परतले. एका ट्रकनं राखेचा ढीग कमी होत नाही, तेवढं मलाही कळतं. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबांचा फोन आला. भट्टीवाला बाजारात तोंड फिरवतो म्हणाले.

"वाईट वाटते का बाबा?"

"वाटते नं. पण पोरी, बांधीत पाय ठेवला का मुरूम नाई, गुडघ्यावरी चिखल लागते."