साउथहॅम्प्टनमधलं पोर्ट ऑफ स्पेन

"आधी खा. इतिहास कुठे पळून जात नाही," असं म्हणून काकू तुमच्या हातात कागदात गुंडाळलेला एक गरम, तेलकट ऐवज ठेवायच्या आणि तो संपेपर्यंत पुढे एक शब्द बोलायच्या नाहीत. बशी मागितली तर मिळायची नाही. बसायला बाक शोधायला लागलात तर दंडाला धरून उभं करायच्या. "पोर्ट ऑफ स्पेनमध्ये डबल्स उभ्यानेच खातात."

अडचण एवढीच होती की आम्ही पोर्ट ऑफ स्पेनमध्ये नव्हतो. आम्ही साउथहॅम्प्टनच्या सिव्हिक सेंटरसमोर झिमझिम पावसात उभे होतो. दोन मऊ पुऱ्यांमध्ये कोंबलेले छोले बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होते आणि येणारे-जाणारे इंग्रज आमच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, आमच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. सत्तरच्या दशकात, नुकतं लग्न झालेलं असताना, त्यांना त्रिनिदादला नोकरी लागली आणि मिरजेच्या काकू एकदम कॅरिबियन बेटावरच्या त्या राजधानीत जाऊन पडल्या. तिथे चार वर्षं राहिल्या. नंतरची सगळी वर्षं इंग्लंडमध्ये गेली, पण इंग्लंडबद्दल त्यांना फारसं काही सांगायचं नसे. हवा वाईट आणि दूध चांगलं, एवढ्यात त्यांचं इंग्लंड आटपायचं. पोर्ट ऑफ स्पेन मात्र आटपायचं नाही.

गावात नवा मराठी डॉक्टर आला की महिन्याभरात काकूंचा फोन येणारच. "संडेला ऑन-कॉल नाही ना? मग या. टूर आहे." मी आणि माझी बायको साउथहॅम्प्टन बघायला मिळणार म्हणून कॅमेरा घेऊन गेलो. काकूंनी सिव्हिक सेंटरकडे बोट केलं. "हे रेड हाउस. म्हणजे तिथलं पार्लमेंट. रंग लाल समजा." मग कॉमनवर नेलं. कॉमन म्हणजे गावाच्या मधोमध असलेलं भलंमोठं हिरवं रान. "हे सव्हाना. म्हणजे तिथलं मोठं मैदान. कडेने मोठेमोठे बंगले समजा. आणि तो कुत्रा फिरवतोय ना, तिथे नारळपाणीवाला समजा." त्या दिवशी घरी परतलो तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये चांगलं नारळपाणी कुठे मिळतं हे आम्हाला पक्कं ठाऊक झालं होतं. साउथहॅम्प्टनचं पोस्ट ऑफिस शोधायला पुढे आठवडा लागला.

टूरमध्ये खाणं, पिणं आणि इतिहास अशी रीतसर विभागणी होती. पिण्याचे दोन थर्मास असत. एकात मॉबी, म्हणजे कुठल्याशा झाडाची साल उकळून केलेलं कडू-गोड सरबत. ते प्यायल्यावर चेहरा वाकडा झाला नाही तर काकूंना तुमच्या तब्येतीची काळजी वाटायची. दुसऱ्यात रम पंच. काकूंनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता, त्यामुळे पंच त्या नुसत्या वासावर जमवायच्या, आणि सर्दी तर त्यांना बाराही महिने. हॉस्पिटलातल्या एका ज्युनिअर डॉक्टरने दोन कपांनंतर पार्कातल्या पुतळ्याला मराठी मंडळाच्या गणपतीचं आग्रहाने आमंत्रण दिलं होतं.

इतिहास सांगताना मात्र काकू बदलायच्या. बंदराच्या धक्क्यावर उभं राहून आइल ऑफ वाइट बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीकडे बघत त्या सांगायच्या की गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी आपल्याकडची माणसं कराराने बोटीत भरून तिथे नेली. "कुणाला कुठे चाललोय ते धड सांगितलंसुद्धा नव्हतं रे. आणि मी बघ, विमानाने गेले, नवरा डॉक्टर, तरी पहिले पंधरा दिवस रडत होते."

ते रडणं थांबवलं शेजारच्या टँटीने. टँटी म्हणजे तिकडची मावशी. ही त्याच मळ्यांवर नेलेल्या माणसांची नात. तिने एक दिवस डाळपुरी आणून दिली. काकूंनी तोडून पाहिली तर आत वाटलेली डाळ! ही पुरणपोळी, फक्त बिचारी गूळ घालायला विसरली, असं काकूंनी मनाशी ठरवलं आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तिच्यादेखत वरून साखर पेरली, तूप सोडलं आणि दुधात कुस्करून काकांपुढे ठेवली. मटणाबरोबर खायची ती वस्तू! टँटी हसता हसता जमिनीवर बसली. काकाही बसले, पण त्यांनी आधी वाटी संपवली. "त्या दिवसापासून टँटीने मला पोरगी मानलं," काकू म्हणायच्या, आणि इथे टूर संपायची.

आम्ही त्यांची मनसोक्त टिंगल करायचो. मंडळात कुणी श्रीखंड वाढलं की कुणीतरी म्हणणारच, "काकू, हे पोर्ट ऑफ स्पेनचं समजायचं का?" त्या अजिबात चिडत नसत. "आंबट आहे. तिथलं असतं तर गोड असतं."

मग काकूंच्या मँचेस्टरच्या मुलीने आई-बाबांना क्रूझ भेट दिली. बोट साउथहॅम्प्टनहूनच निघणार, एक दिवस पोर्ट ऑफ स्पेनला थांबणार. आम्हाला वाटलं, काकू आता धक्क्यावरच मुक्काम ठोकतील. पण काकू म्हणाल्या, "मला नाही जमणार." गुडघा दुखतोय, जानेवारीत हळदीकुंकू आहे, बोट लागते. धक्क्यावर निम्मं आयुष्य काढलेल्या बाईला बोट लागते!

खरं कारण त्यांनी फक्त माझ्या बायकोला सांगितलं. "टँटीचं ख्रिसमस कार्ड यायचं बंद झालंय गं. मी इथे आहे तोवर ती तिथे स्वयंपाक करतेय. मी गेले आणि दार दुसऱ्या कुणी उघडलं तर?"

शेवटी काका म्हणाले, "अगं, मला एकदा बघायचंय." आयुष्यभर या माणसाने काही मागितलं नव्हतं. काकूंनी बॅग भरली.

परत आल्यावर आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "छान झाली ट्रिप. बोटीवर जेवण फार असतं." बस्स. बाकीचं काकांनी सांगितलं, किचनमध्ये, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. त्यांचं घर होतं तिथे आता कार पार्क आहे. टँटी जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या भाच्याने फाटकातच सांगितलं, माणूस चांगला होता, कोल्ड ड्रिंक दिलं. मुलीने दोघांसाठी प्रायव्हेट टूर बुक केली होती, खाणं-पिणं-इतिहास सगळं धरून. गाइड तरुण मुलगी, हुशार. ती इतिहास आधी सांगायची आणि खायला नंतर द्यायची. काकू मागच्या सीटवर बसून ऐकत होत्या.

"आणि डबल्स?" मी विचारलं.

"हिच्या हातच्यांपेक्षा चांगले होते," काका म्हणाले. "हिलाही ते कळलं."

त्यानंतर काकूंनी टूर बंद केली. फोन करणं बंद, मॉबीची साल आणणं बंद. गावात दोन-तीन नवी कुटुंबं आली आणि थेट पोस्ट ऑफिस शोधायला लागली. मला ते बघवेना. इतकी वर्षं ज्याची टिंगल केली, ते आपलंच काहीतरी होतं हे तेव्हा कळलं.

म्हणून नागपूरचं एक नवं जोडपं आलं तेव्हा आम्हीच टूर काढली. काकूंना म्हटलं, तुम्ही फक्त पाहुण्या म्हणून या. त्या आल्या, काकांचा हात धरून, सगळ्यांच्या मागे. बायकोने केलेल्या पुऱ्या वातड झाल्या होत्या. मी तिथल्या बंदराचं लाइटहाउस चुकीच्या बाजूला उभं केलं, सव्हानाला भलताच आकार दिला. एरवी काकूंनी माझा कान पिळला असता. त्या दिवशी मी वळून बघितलं की त्या मान हलवायच्या, "बरोबर आहे, पुढे सांग."

पुढच्याच वर्षी त्या मुलीकडे मँचेस्टरला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यामुळे मला त्या दिसतात त्या धक्क्यावरच्या, त्या रविवारच्या. वारा सुटला होता. नागपूरच्या मुलीला माझ्या ज्ञानाचा बहुधा संशय आला असावा, कारण मला सोडून ती मागे गेली.

"काकू, तुम्ही गेला आहात का हो तिथे?"

मी बोलता बोलता थांबलो. बोटीवरून उतरून त्यांना पुरते सहा महिनेही झाले नव्हते.

"गेलेय ना," काकू म्हणाल्या. "एकदाच. नवीन लग्न झालं होतं तेव्हा."

काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हो," ते म्हणाले, "एकदाच."