धुऱ्यावरच्या बाई

बाई शेतात कधी मधून चालल्या नाहीत. ऊन मी म्हणत असलं, समोर पलीकडची विहीर दिसत असली तरी त्या धुऱ्याधुऱ्यानंच जायच्या. धुरा म्हणजे दोन शेतांमधला उंच बांध. आमच्याकडे साप तिथंच निघतात आणि भांडणंही. सुती साडी, पायात बूट, डोक्यावर पुरुषी टोपी असा त्यांचा थाट पाहून बायका पदराआड हसायच्या. बाईंना त्याचं काही नव्हतं.

अख्ख्या शिवाराची आखणी करणं हे त्यांचं काम. पाणी कुठं मुरवायचं, कुठली जमीन पडीक ठेवायची, झाडं कुठं राखायची. पवनारला खोली घेऊन राहायच्या, मी त्यांची मदतनीस. झाडं लावायचा उत्साह घेऊन कुणी आलं की वैतागायच्या. आधी इथं कोणतं जनावर, कोणतं पाखरू कुठून कुठं जातं ते पाहा, मग खड्डे खणा, म्हणायच्या. पिपरी मेघेतल्या एका वसाहतीच्या बागेत त्यांनी नाल्याकडचा कोपरा गवताला सोडला, तर लोक म्हणाले, बाईंनी उकिरडा केला. बाईंनी एका सकाळी सगळ्यांना तिथंच चहाला बोलावलं. गवताच्या दाण्यांवर मुनिया पाखरांचा थवा उतरला आणि तक्रार थांबली. एका काकूंना खाज सुटली ती वेगळीच.

पुढं समुद्रपूरकडच्या माझ्या गावाचं काम निघालं. तिथं झुडपी टेकडीपासून नदीपर्यंत धुऱ्यांवरच्या झाडझाडोऱ्याची ओळ जवळपास सलग होती. तुटत होती ती नेमकी आमच्याच शेतात! बाबा आणि काका सख्खे भाऊ, पण धुऱ्यावरून बोलणं बंद. दोघंही दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, धुऱ्यात घुसवायचे आणि उन्हाळ्यात, धुरा आपलाच हे दाखवायला, तो पेटवून द्यायचे. उरला होता वीतभर काळा पट्टा.

बाई पुण्यात शिकलेल्या, पण बोलणं अस्सल वर्धेचं. ओसरीवर बसून बाबांना म्हणाल्या, "शिवार म्हंजे घर हाये, भाऊ. टेकडी एक खोली, नदी एक खोली. तुमचा धुरा मधलं दार. तुमी दोघांनी मिळून ते बुजवून टाकलं."

बाबा म्हणाले, "त्याले सांगा पह्यले."

बाई उठल्या आणि काकांना तेच सांगून आल्या. काकांचंही उत्तर तेच. मला हसावं की रडावं कळेना. बाई मात्र दर पावसाळ्यात येऊन त्या पट्ट्यात बोरीच्या बिया टाकायच्या आणि दर उन्हाळ्यात उगवलेलं सगळं जळायचं. "मुळं हायेत अजून," एवढंच म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आजार माझ्यापासून लपवला, त्याचा राग मला अजून आहे. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं तेही धुऱ्याचंच. "यंदाबी पेटवतीन का व?"

उन्हाळ्यात बाबा आगपेटी घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. पलीकडून काका आले होते, तेही आगपेटी घेऊनच. काळ्या पट्ट्यात बोरीचं एक झुडूप फुटलं होतं आणि त्याच्या बुडाशी तितरीण बसली होती. माणसं पाहूनही ती उठेना. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा काका बाबांशी बोलले.

"दादा, अंड्यावर बसली हाये."

"मंग राहू दे," बाबा म्हणाले. आगपेटी खिशात टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईले सांगजो."

बाई नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तरी मी हो म्हटलं.