गाळलेलं रीळ

आता त्या सिनेमावर विद्वान लोक व्याख्यानं देतात. देवोत बापडे. पण सत्तरच्या दशकात तो नागपुरात लागला तेव्हा चौथ्या दिवशी तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं. तो जगवला आम्ही, लास्ट शोवाल्यांनी. हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

सिनेमा पडला तसं मालकानं दिवसाचे सगळे खेळ नव्या सिनेमाला दिले आणि हा फक्त शनिवारी रात्री नऊला ठेवला. वितरकाचा माणूसही रिळांचे डबे परत न्यायला येईना. मग तिथं ठरलेली मंडळी जमू लागली. गांधीबागेतली कापडदुकानं मिटवून आलेले नोकर, खाणावळींतले आचारी, सायकलरिक्षावाले, मेडिकल कॉलेजचे पोट्टे. दोघं भाऊ तर रामटेकहून शेवटच्या गाडीनं यायचे आणि उरलेली रात्र बसस्टँडवर काढायचे. दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना सिनेमा तोंडपाठ. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी स्टॉलच्या खुर्च्यांतून वाक्य यायचं.

आणि त्यांच्यात मी. बावीस वर्षांची, एका ऑफिसात टायपिस्ट, राहायला महालात. लास्ट शोला बायका जात नसत. बायकांची तिकीटखिडकीच तेव्हा बंद असायची. आईनं आकाशपाताळ एक केलं. "लोक काय म्हणतील वं? उद्या तुले स्थळ येईल का?" मी म्हटलं, "म्हणू दे लोकांना." शेवटी बाबांनी तोड काढली. जायचं तर ते सोबत येतील. बाबा तहसिलीत कारकून, विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे, शेजारच्या खुर्चीत बसायचे, टोपी डोळ्यांवर ओढायचे की झाले गाढ. मला वाईट वाटायचं, पण एवढं नाही की जाणं सोडावं.

लास्ट शोची एक खोड होती. ऑपरेटरला घरी जायची घाई, म्हणून तो एखादं रीळ गुपचूप गाळायचा. बाकीच्या सिनेमांत कोणाला पत्ताही लागत नसे. पण त्या भैताडानं एका शनिवारी आमच्या सिनेमाचं रीळ गाळलं, आणि तेही नेमकं बारावं! ज्यात सासरचे सगळे नायिकेला दाराशी अडवतात, माफी माग म्हणतात, आणि ती मागत नाही. तेच नसेल तर पुढे ती रस्त्यानं एकटी काहून चालून राहिली, हे कोणाला कळणार?

आम्ही खुर्च्या बडवल्या. खेळ थांबला, दिवे लागले. मॅनेजर आला आणि म्हणाला, रीळ खराब झालंय, पाहायचं असेल तर पाहा, नाहीतर घरी जा. तेव्हा एक आचारी उठला. "खराब तर खराब. ते रीळ आम्ही म्हणतो!" आणि खरंच सुरू झाले. सासरा एकानं घेतला, दीर दुसऱ्यानं. नायिकेची पाळी आली तसा एक पोट्टा डोक्यावर रुमाल घेऊन बारीक आवाजात किंचाळला. सगळे फिदीफिदी हसले.

माझं डोकं सणकलं. अरे, हसायला हीच जागा सापडली? मी ताडकन उठले. "बस खाली! बाईचं आहे, बाईले म्हणू दे." आणि लख्ख उजेडात, एवढ्या पुरुषांसमोर, म्हटलं:

"माफी? किस बात की? अपने पैरों से आयी थी, अपने पैरों से जाऊंगी. दरवाजा खोलिए."

कोणी हसलं नाही. मॅनेजरनं वर हात केला आणि ऑपरेटरनं मुकाट्यानं बारावं रीळ लावलं. चांगलं ठणठणीत होतं. बाबांची टोपी तेव्हाही डोळ्यांवरच होती.

सोमवारपर्यंत महालात ज्याच्या त्याच्या तोंडी मीच. आणि त्याच आठवड्यात मला पाहायला मंडळी यायची होती. मुलगा बँकेत, माणसं घरंदाज; आई देव पाण्यात घालून बसली होती. मंडळी आली. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या काकांनी घसा खाकरला.

"मुलगी पसंत आहे. पण ते थिएटरातलं आमच्या कानावर आलंय. यापुढे लास्ट शो बंद. आणि झाल्या प्रकाराची तिनं आत्ता इथं मोठ्यांसमोर माफी मागावी. विषय संपला."

आई डोळ्यांनी विनवत होती, माग बाई. थिएटरात तडातडा बोलणारी मी, माझ्याच घरात मला शब्द सुचेना. आईकडे बघवत नव्हतं. आज कितीही तोरा मिरवला तरी खरं तेच सांगते, मी माफी मागणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं.

बाबांनी कपबशी खाली ठेवली.

"माफी?" ते म्हणाले. "किस बात की?"

आमच्या घरात बाबांच्या तोंडून हिंदी कोणी कधी ऐकलं नव्हतं. बाबा उठले, लोटलेलं दार त्यांनी सताड उघडलं आणि तिथंच उभे राहिले. मंडळी गेली. आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

शनिवारी बाबांनी सायकल काढली. थिएटरात माझ्या शेजारी बसले, आणि त्या रात्री टोपी काढून मांडीवर ठेवली.