मेथी खुडणारी बाई

नातवाला नर्सरीत घ्यायचं म्हणून शाळेत मुलाखत होती. तीन वर्षांच्या पोराची मुलाखत! टीचरने त्याच्यापुढे चित्र धरलं. भाजीची जुडी घेऊन बसलेली बाई. त्या बाईवर बोट ठेवून ती काय करतेय, असं इंग्रजीत विचारलं. पोर म्हणालं, "मेथी खुडतेय." टीचरला ते कळलं नाही. घरी कोणती भाषा बोलता, एवढं विचारून तिने पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

इंद्रलोक वसाहतीतल्या घरी परतल्यावर मुलगा आणि सून माझ्याकडे बघायला लागले. शब्द माझा होता ना! दोघं ऑफिसला गेली की पोर दिवसभर माझ्यापाशी. मेथी खुडायची, शेंगा सोलायच्या, खोबरं खवायचं, तांदूळ पाखडायचे. ज्या कामाचा जो शब्द, तो मी त्याला द्यायचे. लग्न झाल्यावर वाचनालयातली पुस्तकं वाचून, सासूबाईंचं बोलणं ऐकून मी ते शब्द एकेक करून जमवले होते. गिरगाव सोडून इथे आलो आणि भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी. माझं ऐकणारं हे एवढंच माणूस उरलं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, राग मानू नकोस, पण त्याच्याशी मराठी बंद कर. तो कन्फ्यूज होतोय."

हे त्याने मराठीतच सांगितलं. मला नीट कळावं म्हणून. माझं तोंड बंद करायचं आणि वर मी रागही मानायचा नाही!

सुनेने फ्रिजवर इंग्रजी शब्दांचा तक्ता चिकटवला. मेथी खुडा, कोथिंबीर चिरा नाहीतर सुपारी कातरा, तिथे सगळं 'कट'. मी साठीला आलेली बाई, तो तक्ता पाठ करत बसले. पोराला शाळा मिळावी असं मलाही वाटत होतंच. माझं चुकलं की सून गोड आवाजात म्हणायची, "आई, इंग्लिश." तो गोडवा मला फार झोंबायचा.

पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशन झाली, पेढे वाटले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची! सून म्हणाली, "आता सवय मोडू नका हं."

एका रविवारी मी मेथी घेऊन बसले होते. नातू मांडीला टेकला आणि म्हणाला, "स्टोरी." पूर्वी एका मांजराची गोष्ट मी त्याचं ताट संपेपर्यंत लांबवायचे. ते मांजर दबकायचं, झेपावायचं, फिस्कारायचं, शेवटी अंगाचं मुटकुळं करून चुलीपाशी निजायचं. मी सुरुवात केली.

"वन कॅट. कॅट ड्रिंक मिल्क. कॅट स्लीप."

तो वाट बघत राहिला. मग बिल्डिंगमधल्या पोरांच्या हिंदीत त्याने विचारलं, "आजी, तेरेको स्टोरी नहीं आती?"

"नो, बेटा," मी म्हटलं.

ओट्यापाशी उभी असलेली सून खूश झाली. "बघा आई, आता कसं पटकन येतं तुम्हाला!"