नाव घ्या, मग भांडं बुडवा

उस्ताद करीमभाई कल्हईवाले यांची आणि माझी ओळख एका चुकलेल्या वेलांटीवरून झाली. मी तेव्हा संगमनेर सोडून नगरला नवीन आलो होतो आणि कापडबाजारामागच्या गल्लीत बसून भांड्यांवर नावे घालून देत होतो. एका गिऱ्हाइकाचे दोन तांबे कल्हईसाठी उस्तादांकडे गेले होते. ते हातात घेऊन उस्ताद स्वतः माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"ही नावं तूच घातलीस?"

"होय. काय बिघडलं?"

"मला वाचता येत न्हाई. पन एका तांब्यावर हा दांडा अक्षराच्या डाव्या अंगाला हाय, दुसऱ्यावर उजव्या. घर एक, बाई एक, मग नावं दोन कशी?"

बाईंचे नाव गिरिजा. एका तांब्यावर मी पहिली वेलांटी दीर्घ ठोकली होती. गल्लीतल्या शिकलेल्या माणसांपैकी कोणाच्याही ध्यानात ती आली नव्हती. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनी ती पकडली. मी शाळेत गेलेलो नाही. लोकांच्या भांड्यांवरची जुनी नावे बघून बघून अक्षरे शिकलो आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणून मी त्या दिवशी रागावलो आणि दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या आवारात कामाला लागलो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज त्यांना साठ वर्षे पुरी होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या दानधर्माबद्दल आणि मोहरमात सरबत वाटण्याबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या कामाबद्दल लिहिणार आहे, कारण त्या कामामुळेच मी हे लिहायला शिल्लक आहे.

ज्यांनी आमचा धंदा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जुने, काळे पडलेले पितळी भांडे घासून घासून उजळत नाही. ते शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, बुडवावे लागते. दगडी कुंडात पाणी असते आणि त्या पाण्यात तेजाब ओतलेले असते. आधी पाणी, मग तेजाब. उलट केले तर ते तोंडावर उडते. लांब दांड्याच्या आकड्याने भांडे आत सोडायचे, चट्कन वर काढायचे आणि साध्या पाण्यात बुचकळायचे. भांडे सोन्यासारखे निघते. पण ते आत असताना कुंडातून तांबूस धूर उठतो. या धुराची खोड अशी की तो घशाला फार झोंबत नाही. माणूस दोनदा खोकतो, चूळ भरतो, हसतो, चहा पितो. छाती भरून येते ती काही तासांनी. उस्तादांचे धाकटे भाऊ रहीमभाई दुपारी असेच हसत घरी चालत गेले आणि दिवेलागणीला गेले. उस्ताद त्यांचे नाव काढीत नाहीत. मात्र त्यांच्या आवारातला प्रत्येक नियम त्या दुपारनंतरचा आहे.

बाकीच्या कारखान्यांत रीत होती दम धरायची. छातीत वारा भरायचा, तोंड मिटायचे आणि चार-पाच भांडी काढून मागे सरायचे. जो जास्त भांडी काढील तो मर्द. यात मेख अशी की दम संपला की माणूस हावऱ्यासारखा श्वास ओढतो, आणि तो ओढतो नेमका कुंडाच्या तोंडाशी. उस्तादांनी ही रीतच उलटी केली. त्यांच्याकडे भांडे बुडवणाऱ्याने प्रत्येक भांड्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. "परात! तपेली! किटली!" आवाज बसला, अडखळला किंवा थांबला, की बाहेर. त्यांचे एकच म्हणणे: "जिथं बोलता येत न्हाई, तिथं काम करायचं न्हाई."

गल्लीने यावर किती टिंगल करावी! आमच्या लक्ष्मणदादांच्या मिशा चांगल्या भरघोस, ते "परात!" म्हणून ओरडले की पलीकडच्या दुकानातून हमखास उत्तर यायचे, "अहो वहिनी, नुसती परात नको, उखाण्यात घ्या की!"

लक्ष्मणदादाही कमी नव्हते. "परातीत परात पितळेची परात, दम धरनारा गेला वरच्या घरात!"

यावर सर्वांत मोठ्याने हसायचे ते उस्ताद.

आता मूळ हकिकतीकडे येतो. गेल्या लढाईत भिंगारच्या छावणीतली स्वयंपाकाची भांडी उजळून कल्हई करून द्यायचे मोठे काम निघाले. ते एका ठेकेदाराने घेतले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. ते आता हयात नाहीत आणि शेवटी ते सरळ वागले. आवारातली आम्ही वीस माणसे. कथील मिळेनासे झाल्यामुळे आमचे काम तीन महिने बंदच होते. ठेकेदार कथील पुरवणार होते. हे काम हातचे गेले असते तर वीसही जणांना नगर सोडावे लागले असते.

ठेकेदारांनी आम्हाला जागा दाखवली. दगडी भिंती, वर पत्रे, एक दार, आणि खिडक्या खिळे ठोकून बंद. श्रावण होता, भांडी भिजू नयेत आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त. दाराशी गुळाची भेली फोडून ठेवलेली. ठेकेदार म्हणाले, "उस्ताद, मी समद्या तयारीनं आलोय. गूळ खा नि कामाला लागा. गूळ खाल्ल्यावर धूर बाधत न्हाई."

"गूळ पोटात जातो, शेठ. धूर छातीत जातो. दोन वाटा येगळ्या हायेत," उस्ताद म्हणाले.

"मग फडकं वलं करून बांधा नाकाला."

"वल्या फडक्यानं धूळ अडते. ह्यो अडत न्हाई."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ओल्या फडक्याच्या भरवशावर आजही पुष्कळ लोक तेजाबाजवळ जातात.

उस्तादांनी एक लहान कुंड आत लावायला सांगितले आणि स्वतः एकटे आत गेले. आम्ही दारात उभे. "परात!" आवाज खणखणीत आला. "किटली!" हाही आला. तिसरे नाव आले ते फाटक्या कापडासारखे. उस्ताद तिथेच आकडा ठेवून बाहेर आले.

"शेठ, हितं तिसऱ्या भांड्याला आवाज बसतो. धाव्याला मानूस बसंल. पत्रे काढा, न्हाईतर कुंडं अंगनात घ्या."

ठेकेदार चिडले. "तुमची मंगळागौर घरी करा! नाव घेत भांडी धुनारे पैलवान मला नकोत."

उस्तादांनी सलाम केला आणि ते निघाले. त्यांच्या स्वतःच्या घरातही चूल एकदाच पेटत होती. पण ते थांबले नाहीत.

थांबलो मी. तालमीत मी दम धरण्यात पहिला होतो आणि ते साऱ्या भिंगारला ठाऊक होते. मी म्हणालो, "शेठ, मी करतो. पाच भांडी एका दमात." उस्ताद मागे वळून एवढेच म्हणाले, "सखाराम, दम धरू नको. दम घे." मला ते बायकी वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेलो. पाच भांडी, मग दाराशी श्वास, पुन्हा पाच. पहिल्या तासात माझ्यासारखा मीच. मग दुपारी पत्र्यांवर पाऊस वाजू लागला म्हणून कोणीतरी दार लोटून घेतले. वरचा उजेड तांबूस दिसू लागला. मला वाटले, एका दमात सात भांड्यांपर्यंत जाऊ.

तेवढ्यात दार धाडकन उघडले आणि बाहेरून उस्तादांची हाक आली, "सखाराम! नाव घे!" पाऊस आला की दार लोटले जाणार हे ओळखून ते लक्ष्मणदादांना घेऊन धावत आले होते.

मी ऐकले. पण छातीत वारा कोंडलेला. बोलावे तर दम सुटतो.

"सखाराम, नाव घे म्हनतो ना!"

माझे तोंड मिटलेलेच राहिले. आणि मग हाताशी काही लागेना. मी कुंडाच्या कडेशी गुडघ्यांवर बसलो आणि छाती फाटेस्तोवर श्वास ओढला.

लक्ष्मणदादा आत धावत होते. उस्तादांनी त्यांना एका हाताने मागे खेचले. "येकामागं दुसरा गेला की दोघं जात्यात!" त्यांनी दाराशी पडलेला डेगी ओढायचा लांब आकडा उचलला, उंबऱ्यावर उभे राहून श्वास घेतला, आणि तो आकडा माझ्या कमरेच्या करदोट्यात आणि धोतरात बरोबर अडकवला. वीस वर्षे ज्या हातांनी भांडी ओढली, त्याच हातांनी मला भांड्यासारखे बाहेर ओढले. फरशीवरून घासत मी पावसात आलो. आकड्याचा व्रण कमरेवर अजून आहे. कोणाला शंका असेल तर दाखवीन.

बाहेर आल्यावर दोन-चार मिनिटांत मला बरे वाटले. मी चूळ भरली आणि उठून म्हणालो, "मला काही झालेलं नाही. घरी जातो."

उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले. "न्हाई."

"अहो, मी चालतो आहे, बोलतो आहे!"

"रहीम बी बोलत हुता," ते म्हणाले.

हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकले होते.

त्यांनी टांगा आणवला. मला एक पाऊल चालू दिले नाही. चौघांनी उचलून ठेवले. वाटेत मी भांडलो, शिव्याही दिल्या. त्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि मधून मधून म्हणत राहिले, "दे, आनखी दे. आवाज चांगला येतोय." शिव्या थांबल्या की तेच मला हलवीत: "का रं, संपल्या? संगमनेरच्या मानसाकडं येवढ्याच?"

दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनी पहिलेच वाक्य सांगितले: "तांबडा धूर. दुपारची येळ. आत्ता बरा दिसतो, पन सोडू नका." दिवे लागले तसा माझ्या छातीत पाणी खळखळू लागले. मला पलंगावर बसते केले आणि नळकांड्यातला प्राणवायू नाकाशी लावला. तो एकेक श्वास मी मोजून घेतला आहे. बरा झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही चालत घरी गेला असता तर परत आला नसता. ज्यांनी तुम्हाला टांग्यात घातलं त्यांना निदान आमच्याआधी झालेलं होतं." हे वाक्य मी उस्तादांना सांगितले. ते म्हणाले, "निदान म्हंजे काय ते मला म्हाईत न्हाई. मला टांगा म्हाईत हाय."

इकडे ठेकेदारांचे काम बंद पडले होते. बाहेरून माणसे आणावीत तर कोणी त्या दारात पाय ठेवीना. आमचे एकोणीस जण उस्तादांच्या ओट्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी ठेकेदार स्वतः तिथे आले. पागोटे हातात होते.

"उस्ताद, किती पत्रे काढू?"

काही जण सांगतात की सगळे पत्रे काढले. ते चूक आहे. पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे मिळून सतरा काढले, खिडक्यांचे खिळे उपटले, आणि कुंडे अंगणात घेतली. पत्रे राहिलेल्या भागात भांडी कोरडी राहिली आणि पहारा ठेवला, म्हणजे ठेकेदारांचाही हट्ट पुरा झाला. उस्तादांच्या घरच्या, ज्यांना आम्ही सारे खाला म्हणतो, त्यांनी आपली जुनी हिरवी ओढणी फाडून दिली. ती वेळूच्या टोकाला बांधून अंगणात उभी केली. ओढणी जिकडे उडेल तिकडे धूर जाणार. वारा पाठीवर घेऊन उभे राहायचे. वारा पडून ती लोंबली की काम बंद. आमच्यात म्हणच झाली: "ओढणी झोपली, काम झोपलं." ठेकेदार सुद्धा ओढणी झोपलेली पाहून तोंडातल्या तोंडात पुटपुटत, पण कोणाला उठवीत नसत.

मी गेलो तो कामाच्या शेवटच्या दिवशी. छावणीच्या वळणावरच मला ते ऐकू आले. एकोणीस माणसांचा आवाज, एकदम नव्हे, एकामागून एक, जशी कीर्तनात साथ धरावी. "परात!" "तपेली!" "बादली!" "किटली!" भिंतीशी उन्हात मांडलेली भांडी अशी झळकत होती की नुसते पाहवत नव्हते. मंगळागौरीचा टोमणा मारणारे ठेकेदार दाराशी उभे राहून स्वतःच्या नकळत ओठ हलवीत होते. संबंध कामात माझ्याखेरीज एकही माणूस आजारी पडला नव्हता.

मी आकडा उचलायला वाकलो. उस्तादांनी तो काढून घेतला. "तुझी छाती अजून कच्ची हाय. पन कान शाबूत हायेत. हितं उभा ऱ्हा नि ऐक. ज्याचा आवाज बसला त्याला बाहेर काढायचं. लाजायचं न्हाई नि लाजवायचं न्हाई."

तेव्हापासून आजपर्यंत ऐकणे हेच माझे काम आहे. नावे घालणारा मी, नावे ऐकणारा झालो. लढाई संपली, स्वराज्य आले, आवारात आता नवी माणसे आहेत. पण त्या आवाराने त्यानंतर कोणालाही खांद्यावर बाहेर नेलेले नाही. शहरातल्या तीन कारखान्यांनी आमची रीत उचलली आहे आणि ज्या दुकानातून आम्हाला वहिनी म्हणत, त्याच दुकानाच्या मागे आता तेजाबाच्या कुंडावर भांड्यांची नावे ऐकू येतात. उस्तादांच्या साठ वर्षांचा याहून मोठा सत्कार मला करता येणार नाही.

हा लेख परवा मी त्यांना वाचून दाखवला. वेगाने वाचत होतो, कारण डोळे भरून येण्याआधी संपवायचा होता. त्यांनी हात वर केला.

"सखाराम, दम धरलायस तू."

मी थांबलो. श्वास घेतला. मग सावकाश वाचले, आणि संपेपर्यंत वाचता आले.

उस्ताद, आम्हा वीस जणांचे एकच मागणे आहे. तुमच्या अंगणातली ओढणी अशीच उडत राहो, तुमची छाती अशीच मोकळी राहो, आणि पुढची कित्येक वर्षे आम्ही रोज सकाळी दारातून हाक मारावी, "उस्ताद, नाव घ्या!" आणि आतून खणखणीत उत्तर यावे.